बेपबाईंचं कपाट

वेलिंग्टनमध्ये समुद्र दिसणाऱ्या घरासाठी माणसं काय वाट्टेल ते करायला तयार असतात. ज्यांच्या घरातून दिसत नाही ते पाहुण्याला बाथरूममधल्या स्टुलावर चढवून, मान डावीकडे वळवायला लावून, दोन बोटं रुंदीचा समुद्र दाखवतात. आमच्या शेजारच्या बेपबाईंच्या घरातून मात्र अख्खा हार्बर दिसायचा, फेरीबोटींसकट. आणि या बाईंनी आपली बसायची खुर्ची त्याच्याकडे पाठ करून, खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात मांडली होती. एकदा घरं विकणारा एक एजंट कार्ड द्यायला आला आणि काचेपाशी उभा राहून "काय हा व्ह्यू" करत राहिला. बेपबाई म्हणाल्या, "हो ना. म्हणजे समुद्रालाही मी दिसणार. ते मला पसंत नाही." एजंट हसला. इथले लोक काही कळलं नाही की हसतात.

बेपबाई या हिवाळ्यात गेल्या. त्यांच्याविषयी लिहायला बसलोय खरा, पण अडचण नावापासूनच आहे. आम्ही शेजारी राहायला आलो तेव्हा त्या पंचाहत्तरीच्या पुढे होत्या, आणि इथल्या पद्धतीप्रमाणे त्यांना नुसतं 'बेप' म्हणायचं होतं. माझी जीभ वळेना. सहा महिने मी त्यांना कुठल्याच नावाने हाक मारली नाही. समोर जाऊन उभा राहायचो आणि खाकरायचो. शेवटी त्याच म्हणाल्या, तुला घशाचा आजार आहे की माझ्या नावाची अडचण आहे? तेव्हापासून आमच्या घरात त्या बेपबाई झाल्या. 'बाई'चा अर्थ सांगितला तर म्हणाल्या, लावा, लोकांनी मला काय काय नावं लावलीत, त्यात आणखी एक. मला वाटलं विनोद करताहेत. त्यांच्या निम्म्या विनोदांचं असंच व्हायचं. ते विनोद नव्हते हे दोन-तीन वर्षांनी कळायचं.

आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत चालायचं, त्यांच्याकडून डच वळणाच्या, माझ्याकडून पुणेरी. दोघांचंही इंग्रजी गल्लीतल्या बाकीच्यांना नीट कळत नसे, म्हणून आमचं एकमेकांशी बरं जमलं.

त्यांचं घर लाकडी, शंभरेक वर्षांचं. आमच्याकडे मांजर जिना चढलं तरी कळतं. पण बेपबाई चढायच्या तेव्हा एकही पायरी वाजायची नाही. त्या पायरीच्या भिंतीकडच्या टोकावर पाय द्यायच्या. मी एकदा कारण विचारलं. "मध्ये पाय टाकला की फळी बोलते," त्या म्हणाल्या, आणि एवढी साधी गोष्ट या इंजिनियरला माहीत नाही याचं त्यांना मनापासून नवल वाटलं. दार लावताना त्या मूठ फिरवून धरायच्या आणि दार चौकटीला टेकल्यावर हळूच सोडायच्या. खोकला आला तर तोंडावर उशी घ्यायच्या. या सगळ्यामुळे त्या आपल्या मागे येऊन उभ्या राहिल्या तरी पत्ता लागत नसे. मी दोनदा त्यांच्या फिजोआच्या झाडाची फळं आमच्या बाजूने तोडताना पकडला गेलो तो असा.

आणि जिन्याखालचं कपाट. वेलिंग्टन भूकंपाच्या रेघेवर वसलेलं असल्यामुळे कौन्सिल दरवर्षी पत्रक वाटतं, घरात काही दिवसांचं पाणी आणि डब्यातलं अन्न ठेवा म्हणून. आम्ही ते पत्रक फ्रिजवर चिकटवून कर्तव्य पार पाडतो. बेपबाईंच्या कपाटात, टांगलेल्या कोटांच्या मागे, वाटाण्याचे डबे, पाण्याचे कॅन, ब्लँकेट, झाकणाची बादली, मनुका, रंगीत पेन्सिली आणि एक बुटकं स्टूल होतं. मी पाहून म्हटलं, कौन्सिलने तर फक्त काही दिवसांचं सांगितलंय. त्या म्हणाल्या, "कौन्सिलला काय अनुभव?"

त्यांचा अनुभव थोडाफार गल्लीत सगळ्यांनाच माहीत होता. जर्मनांनी हॉलंड व्यापलं, ज्यू माणसांना घराघरांतून उचलून न्यायला लागले, तेव्हा चार वर्षांच्या या मुलीला एका परक्या कुटुंबाने दोन वर्षांहून जास्त काळ लपवून ठेवलं. एवढी माहिती गल्लीला पुरेशी होती. दर वर्षी जवळच्या शाळेची एक शिक्षिका केक घेऊन यायची आणि मुलांसमोर वीस मिनिटं बोलाल का म्हणून विचारायची. बेपबाई केक ठेवून घ्यायच्या आणि नाही म्हणायच्या. मी एकदा म्हटलं, बोला की, मुलांना कळेल. "त्यांना माझी गोष्ट हवी असते," त्या म्हणाल्या, "पण शेवट त्यांच्या आवडीचा हवा असतो. शूर शेतकरीण, गोड मुलगी, दारात परत आलेली आई, सगळे रडताहेत. माझ्याकडे तो माल नाही." एका केकच्या बदल्यात एवढं ऐकायला मिळालं असतं तर शाळेचाही फायदा झाला असता, पण शिक्षिकेला फक्त नकार मिळायचा.

ईरा, माझी मुलगी, सहा वर्षांची असतानाचा एक शनिवार मला कधी विसरता येणार नाही. ती आणि गल्लीतल्या दोन मुली लपंडाव खेळत होत्या. राज्य असलेल्या मुलीला ईरा सापडेना. अर्ध्या तासाने दोघी रडवेल्या होऊन आमच्याकडे आल्या. मी हाका मारत टेकडीच्या पायऱ्या खालपर्यंत उतरलो, कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या वाणसामानाच्या दुकानात, विचारलं, मग बेपबाईंचं दार वाजवलं. त्यांनी साखळी न काढता फटीतून पाहिलं. ईरा इथे आली का? नाही. नक्की? "इथे कुठलंही मूल नाही. हवं तर आत येऊन पाहा." मी आत जाऊन पाहिलं. ओट्यावर एकच कप. दारात एकच जोडी चपला. त्यांनी मला पाणीसुद्धा दिलं, आणि लहान मुलं हल्ली फार लांब भटकतात याबद्दल सहानुभूती दाखवली.

तासाभराने माझी बायको मृणाल हातात फोन घेऊन पोलिसांना लावावा की नाही या विचारात रस्त्यावर उभी होती. काही न सुचून ती पुन्हा बेपबाईंच्या दारात गेली. मी मागेच होतो. मृणालला धड बोलता येत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, माझी मुलगी सापडत नाहीये. बेपबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. इतका वेळ की मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. मग त्या वळल्या, जिन्याखालचं कपाट उघडलं, कोट बाजूला सारले आणि आत वाकून शाळेत कविता म्हणतात तशा स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "संपलं. ही तुझी आई आहे. तू आता बाहेर येऊ शकतेस."

ईरा बाहेर आली ती तोंडात मनुका घेऊन. बेस्ट हायडिंग प्लेस एव्हर, असं तिने जाहीर केलं. मृणालने तिला आधी मिठी मारली, मग एक धपाटा घातला, मग पुन्हा मिठी मारली. मी बेपबाईंवर चांगलाच उखडलो. मला तुम्ही माझ्या तोंडावर खोटं सांगितलंत, म्हणालो. त्या भिंतीला धरून उभ्या होत्या. "मुलीने मला लपव म्हटलं," त्या म्हणाल्या. "लपवणारा सांगेपर्यंत खेळ संपत नाही. हा नियम आहे." मी म्हटलं, असा नियम कुठेही नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे नसेल." यावर मी दार आपटून बाहेर पडलो. वाऱ्याने आपटलं असं नंतर सांगितलं, वेलिंग्टनमध्ये ते खपतं.

पुढे दोन वर्षांनी लॉकडाउन आला. माझी आई तीन महिन्यांसाठी पुण्याहून आली होती, ती विमानं बंद झाल्यामुळे दीड वर्ष राहिली. एकट्या म्हाताऱ्या माणसाला शेजारच्या एका घराच्या 'बबल'मध्ये यायची परवानगी होती, म्हणून बेपबाई रोज दुपारी आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसायला लागल्या, अर्थात खिडकीकडे पाठ करून. सगळा देश घरात कोंडला गेल्यामुळे कासावीस झाला होता. रेडिओवर तज्ज्ञ येऊन घरात बसून मन कसं शांत ठेवावं ते सांगत. बेपबाई ते लक्ष देऊन ऐकायच्या. चार आठवडे, वायफाय, दोन-दोन संडास, आणि खिडकीतून हात हलवायची मुभा. बिचारे कसे सहन करतात, असं त्या म्हणायच्या.

त्याच दिवसांत लहान मुलांच्या करमणुकीसाठी घरोघरी खिडकीत टेडी बेअर ठेवायची टूम निघाली. मुलं रस्त्यावरून जाताना अस्वलं मोजायची. आमच्या गल्लीत फक्त बेपबाईंची खिडकी रिकामी होती. ईरा मागे लागली. बेपबाईंनी साफ सांगितलं, खिडकीत ठेवलं तर रस्त्यावरून दिसेल. ईरा म्हणाली, दॅट्स द होल पॉइंट, बेप. हा मुद्दा त्यांच्या डोक्यात शिरेना. शेवटी आठवड्याभराने त्यांच्या खिडकीत अस्वल आलं, पण पडद्याच्या मागे, फक्त एक कान बाहेर. ईराने तो कान शोधून काढला तेव्हा त्या जराशा नाराजच झाल्या. पडदा नीट लावायला हवा होता, म्हणाल्या.

माझ्या आईचं आणि त्यांचं जमलं ते भाषेशिवाय. आईचं इंग्रजी तीस-चाळीस शब्दांचं, पण ती बोलायची बंद होत नाही. बेपबाईंना ती बेपताई आणि अहो-जाहो करायची. आईचे काही नियम आहेत. तिच्या तोंडून 'संपलं' हा शब्द कधी कोणी ऐकलेला नाही. तांदूळ, मीठ, तेल, कुंकू यातलं काहीही तिच्या घरात संपत नाही. ते 'आणायचं' असतं. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, अगदी विमानतळावर सिक्युरिटीच्या रांगेत शिरतानासुद्धा, जिथून पुढे वर्षभर यायचा प्रश्नच नसतो. एके दिवशी ईरा फ्रिज उघडून म्हणाली, आज्जी, दूध इज फिनिश्ड. आईने तिला थांबवलं. फिनिश्ड म्हणू नये राणी, आणायचंय म्हणावं. बेपबाईंनी हा काय प्रकार म्हणून विचारलं. मी भाषांतर केलं. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी 'संपलं' हा शब्द माझ्याकडून घोटून घेतला, आणि पुढचे कित्येक दिवस तांदळाच्या डब्याकडे बोट दाखवून मुद्दाम आईला विचारायच्या, "सामपला?" आई कानांवर हात ठेवायची. दोघींचा हा खेळ पाहून मृणाल म्हणाली, या दोघींना आता एकाच शाळेत घालायला हवं.

बेपबाईंच्या बिस्किटांच्या डब्यात बिस्किटं नव्हती, पत्रं होती. हॉलंडहून दर वर्षी एक येई, ज्या घराने त्यांना लपवलं त्या घरातल्या मुलीचं. ती बेपबाईंहून सहा-सात वर्षांनी मोठी, तिचं नाव यानेके. त्या वर्षीचं पत्र आलं तेव्हा बेपबाईंचे डोळे अधू झाले होते, म्हणून त्यांनी ते माझ्यापुढे टाकलं. यानेकेने नातीकडून इंग्रजीत लिहून घेतलं होतं. ज्यू मुलांना वाचवणाऱ्यांचा सन्मान करणारी एक संस्था आहे, ती अशा माणसांची नावं कायमची कोरून ठेवते. यानेकेची आई ग्रीट हिचं नाव तिथे लागावं एवढी यानेकेची शेवटची इच्छा. पण संस्थेचा नियम असा, की वाचलेल्या माणसाने स्वतः साक्ष लिहून द्यायला हवी. 'आता फक्त तू आणि मी उरलोय,' असं पत्रात होतं. 'आणि मी नव्वदीला टेकलेय.' डब्यात अशी वीस तरी पत्रं होती. बेपबाईंनी एकालाही उत्तर दिलं नव्हतं.

माझी आई शिरा घेऊन तिथेच बसली होती. तिने मला पत्राचं शब्दन् शब्द भाषांतर करायला लावलं आणि मग जो प्रश्न वेलिंग्टनमध्ये कुणी पन्नास वर्षांत विचारला नसता तो सरळ विचारला. विचार त्यांना, का लिहून देत नाहीत?

मी भीतभीत विचारलं. आणि बेपबाईंनी सांगितलं, वाटाणे सोलत, एखाद्या तिसऱ्याच माणसाची फजिती सांगावी तसं.

त्यांच्या आईने त्यांना रेल्वे फलाटावर एका अनोळखी बाईच्या हातात दिलं. ती बाई ग्रीट, लोकांचे कपडे धुणारी. वडलांना आधीच नेलं होतं, ते परत आले नाहीत. आई दुसऱ्या गावात कुणाच्या तरी माळ्यावर लपली. ग्रीटने मुलीला पहिल्याच दिवशी नियम पाठ करून घेतले. तू युडिट नाहीस, तू बेप. तुझी आई वारली. मी तुझी मावशी. कोणीही विचारलं, अगदी कोणीही, गोड बोलून विचारलं तरी, हेच सांगायचं, आणि गाडीचा आवाज आला की जिन्याखालच्या कपाटात. मी 'संपलं' म्हणेपर्यंत. चार वर्षांच्या मुलीने ते इतकं चोख पाळलं की एकदा एक जर्मन शिपाई कपाटाच्या दाराला टेकून सिगारेट ओढत उभा होता आणि ती आत बसून शिंक गिळत होती. मग लढाई संपली. रस्त्यावर झेंडे लागले. आणि एका सकाळी टायर नसलेल्या सायकलवरून एक हडकुळी बाई दारात आली आणि म्हणाली, युडिट.

"मी ग्रीटकडे पाहिलं," बेपबाई म्हणाल्या. "ती दारात उभी होती, हात पुसत. तिने एक शब्द म्हणायचा होता. ती हात पुसत राहिली. मग मी म्हटलं, मी बेप. माझी आई वारली. ही माझी मावशी. एकही चूक केली नाही. आणि कपाटात जाऊन बसले."

मुलगी दार उघडेना, ग्रीट काही बोलेना. आई सायकलवर बसून परत गेली. आठ दिवसांनी ती सरकारी माणूस आणि कागद घेऊन आली आणि मुलीला घेऊन गेली. त्या आठ दिवसांत ग्रीटने रोज गोड धिरडी केली. निघतानाही तिने तो शब्द म्हटला नाही. पुढे मायलेकी बोटीने इकडे आल्या. आई शिवणाच्या कारखान्यात काम करायची. लोकांशी ओळख करून देताना म्हणायची, ही माझी मुलगी, पण तिला एकदा विचारून घ्या. मरेपर्यंत तिने याखेरीज त्या सकाळबद्दल काही म्हटलं नाही.

"तेव्हा तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर," बेपबाई म्हणाल्या, "खेळ अजून चालू आहे. म्हणून मी अजून बेप. मला कुणी सांगितलंच नाही." आणि नेहमीप्रमाणे हसल्या. मला ईराचा तो शनिवार आठवला, त्यांचं भिंतीला धरून उभं राहणं आठवलं, आणि मी आपटलेलं दार आठवलं. मला फार लाज वाटली.

माझ्या आईला एवढं सगळं सांगायला मला पंधरा मिनिटं लागली. तिचा पहिला प्रश्न होता, जेवायला काय घालायची? बटाटे, बेपबाई म्हणाल्या. आणि ग्रीट स्वतः काय खायची? बेपबाईंनी पुढची शेंग उचलली. ग्रीटला रोज रात्री भूक नसायची, म्हणाल्या. दोन वर्षं नसायची.

आई म्हणाली, "मग ती बाई संपलं म्हणणार कशी? मला साधं दूध संपलं म्हणवत नाही. तिच्या तर घरात मूल होतं."

मी भाषांतर केलं. बेपबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग त्या म्हणाल्या, "आईला सांग, हा शुद्ध मूर्खपणा आहे."

"आहेच," आई म्हणाली. "त्या आठ दिवसांत तिने वाईटच केलं. एका आईला दारातून परत पाठवलं. पण मला कळतं ते." आणि तिने त्यांच्या बशीत आणखी शिरा वाढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेपबाईंनी मला लॅपटॉप घेऊन बोलावलं. आता, मी पोटासाठी एका सरकारी खात्यात ऑनलाइन फॉर्म बनवतो. फॉर्ममध्ये माणसाला किती अक्षरांत मावलं पाहिजे हे ठरवणाऱ्या समितीवर मी तीन वर्षं आहे. त्या दिवशी त्याचं फळ मिळालं. साक्षीचा फॉर्म पाहून मला तो माझ्याच हातचा वाटला. साक्षीदाराचं नाव: एक रकाना. बेपबाई म्हणाल्या, कुठलं? आईचं नाव: एक रकाना. बेपबाई म्हणाल्या, कुठली? त्या विचार करत बसल्या आणि वीस मिनिटांनी फॉर्म सुरक्षिततेच्या कारणास्तव आपोआप बंद झाला. असं तीनदा झालं. मी ऑफिसात नेहमी सांगत आलोय की वीस मिनिटं कुणालाही पुरतात. शेवटी मी फॉर्म बाजूला ठेवला, कोरं पान उघडलं आणि म्हटलं, सांगा.

त्यांनी सांगितलं ते पान-दीड पानच झालं. ग्रीटने काय काय केलं ते सगळं त्यात होतं, बटाट्यांसकट, शिपायासकट. मग त्या म्हणाल्या, आता लिही: "ग्रीटने माझा जीव वाचवला. नंतर तिने आठ दिवस मला माझ्या आईला परत दिलं नाही. दोन्ही गोष्टी त्याच बाईने केल्या. तिचं नाव लावायचं असेल तर या दोन्हींसकट लावा. मी तिच्यावर रागावलेली आहे आणि ती नसती तर रागावायला मी नसते." खाली त्यांनी दोन्ही नावं लिहिली, युडिट आणि बेप, आणि आईच्या नावापुढे दोन्ही आया. मी ते पान जोडून पाठवलं. संस्थेची समिती अजून विचार करते आहे. समित्या माझ्या परिचयाच्या आहेत. पण यानेकेचं कार्ड महिन्याभरात आलं. 'पहिला भाग वाचून माझी आई म्हणाली असती, त्यात काय विशेष. दुसरा भाग खरा आहे. धन्यवाद.' एवढंच होतं. बेपबाईंनी ते बिस्किटांच्या डब्यात टाकलं नाही, आमच्या फ्रिजवर लावलं, भूकंपाच्या पत्रकाशेजारी.

गेल्या वर्षी त्या पडल्या. खुबा मोडला. जिन्याचं घर आता जमणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि हट या शेजारच्या गावातल्या एका वृद्धाश्रमात जागा मिळाली. न्यायला आश्रमाची व्हॅन येणार होती. आई तेव्हा पुन्हा आलेली होती. सकाळी खोकी बाहेर गेली, खुर्ची गेली, घर रिकामं झालं. व्हॅन दारात उभी राहिली. बेपबाई कोट घेते म्हणून काठी टेकत आत गेल्या त्या आल्याच नाहीत.

मी जाऊन पाहिलं. जिन्याखालच्या कपाटाचं दार आतून ओढून घेतलेलं होतं. फटीतून दिसलं, त्या बुटक्या स्टुलावर कोट अंगात घालून बसल्या होत्या, काठी उभी धरून. मी म्हटलं, बेपबाई, व्हॅन आलीय. आतून अगदी हळू आवाज आला, "इथे कोणी नाही."

हा विनोद आहे की नाही हे मला इतक्या वर्षांनंतरही कळेना. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

मागून आई आली. मला म्हणाली, बाजूला हो. ती दाराजवळ वाकली आणि गुडघा दुखत असताना खाली बसली. मग जी बाई सत्तर वर्षांत मिठाच्या बरणीबद्दल तो शब्द बोलली नव्हती ती म्हणाली, "संपलं गं. ये बाहेर."

नेहमीचं अहो तिने या वेळी केलं नव्हतं. मग बेपबाईंचा आवाज आला, इंग्रजीत, "काय संपलं? तांदूळ?"

"नाही," आई म्हणाली. "ऑल. सगळं."

दार उघडलं. आईने हात दिला आणि बेपबाई बाहेर आल्या. त्यांचा चेहरा ओला होता आणि तो पुसायची त्यांनी घाई केली नाही. कपाटाकडे एकदा वळून पाहिलं आणि मला म्हणाल्या, वाटाण्याचे डबे तू घे, तुमच्या तयारीचं मला काही खरं वाटत नाही. मग त्या पॅसेजमधून दारापर्यंत चालत गेल्या, मधोमध, आणि प्रत्येक फळी कुरकुरली.

त्यानंतर मी हटला चार-पाचदा गेलो, पण बेपबाई म्हटलं की मला दिसतात त्या त्या व्हॅनमधल्या. ड्रायव्हर त्यांना मागे बसवत होता. त्यांनी पुढची जागा मागितली, खिडकीजवळची. काच खाली करायला लावली. दक्षिणेचा गार वारा सुटला होता, त्यांचे पांढरे केस सगळे तोंडावर येत होते. मांडीवर ते अस्वल होतं, बाहेर तोंड करून. समोरच्या घरातली बाई कचऱ्याचा डबा आत नेताना थांबून बघायला लागली, तर बेपबाईंनी तिला हात केला. व्हॅन हलली तेव्हा त्या आईकडे पाहून मोठ्याने म्हणाल्या, "येते." आईने त्यांना हा शब्द कधी शिकवला ते मला माहीत नव्हतं.

व्हॅन वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत आई उभी होती. मग ती घरात आली, चपला काढल्या आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन तिने तांदळाचा डबा उघडला. डबा काठोकाठ भरलेला होता. तरी तिने झाकण लावता लावता मला सांगितलं, संध्याकाळी येताना थोडे तांदूळ आण.